ओसरीवरची गोष्ट, चुलीपुढची गोष्ट

आमच्या वसाहतीतल्या बायकांचं एक वाचक मंडळ आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, एका पुस्तकावर बोलायचं, आणि बोलणं रंगात आलं की नेमके तेव्हाच पोहे यायचे, असा आमचा रिवाज. मागच्या खेपेला एक रहस्यकादंबरी होती. तिच्यात दोन बहिणी आळीपाळीनं एकच हकीकत सांगतात आणि दोघीही वाचकाला फसवतात. चर्चेचा विषय काय, तर दोघींपैकी कुणाचं खोटं जास्त पटतं? एक म्हणाली मोठीचं, कारण ती कसं सुसंगत सांगते. दुसरी म्हणाली धाकटीचं, कारण ती जिवाच्या आकांतानं सांगते. मग सगळ्यांत म्हातारी म्हणून माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, मला घरी जायचंय. त्यांना वाटलं माझं डोकं दुखतंय. डोकं ठणठणीत होतं, मला राग आला होता. ज्या प्रश्नापायी मी एकदा कितीतरी महिने जीव मुठीत धरून राहिले, तो या बायका पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सोडवत होत्या.

तेव्हा वर्धा मध्य प्रदेशात होतं आणि खेड्यातल्या शाळा जनपद सभेच्या होत्या. मी वर्ध्याची, नॉर्मल म्हणजे शिक्षकीची परीक्षा पास झालेली, लग्न न झालेली आणि स्वतःला फार हुशार समजणारी. माझी नेमणूक केळझरच्या पुढे, सडकेपासून बरंच आत असलेल्या एका गावी मुलींच्या शाळेवर झाली. एकट्या पोरीला खोली द्यायला कोण तयार होणार, ही वडिलांची चिंता. त्यांनी दोन दिवस गाव पालथं घातलं आणि एका नवरा-बायकोच्या घरातली ओसरीला लागून असलेली खोली ठरवली. जाताना मला म्हणाले, "माणसं शांत आहेत. तुला त्रास नाही व्हायचा." माणसं शांत होतीच. इतकी शांत की एकमेकांशी बोलतच नसत. मीठ हवं असलं तरी तो "मीठ" एवढंच भिंतीकडे बघून म्हणायचा आणि ती भिंतीकडे बघूनच वाडगं सरकवायची.

तो तिशीच्या आतबाहेरचा असेल. थोडं वावर होतं, आणि कापसाच्या हंगामात सेलूकडे एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रात्रपाळीला जायचा. मी त्याला भाऊ म्हणायचे. ती माझ्याहून थोडीच मोठी, आणि मी गेले तेव्हा पोटुशी होती. तिला मी वहिनी म्हणायचे. दोघं मला बाई म्हणायची, सगळं गावच म्हणायचं. घरात लेकरू नव्हतं, पण माजघराच्या आढ्याला पाळण्याचे दोर अडकवून ठेवलेले होते. पाळणा मात्र काढून ठेवला होता. एक पोरगं होतं, रांगायला लागलं होतं आणि मागच्या साली कापसाच्या वेचणीत गेलं, एवढं मला शाळेतल्या पोरींनीच सांगितलं. दिठ, म्हणजे दृष्ट, लागली म्हणे.

पहिल्यांदा बोलला तो भाऊ. संध्याकाळी ओसरीवर अंबाडीचे दोर वळत बसायचा. मी वह्या तपासत होते.

"बाई, एक सांगू का? मनात ठेवजा."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

"गावाले वाटते का पोराले दिठ लागली. दिठ नाई लागली बाई. तिनं अफू देल्ली."

आज हे वाचताना अंगावर काटा येईल, पण त्या काळी आमच्याकडे हे कुणी गुन्ह्यासारखं बोलत नसे. वेचणीचे दिवस आले की बाया दिवसभर वावरात. लहान लेकरू घरी कुणाजवळ ठेवायचं, ते रडून रडून घसा कोरडा करणार. मग निघताना सहाणेवर इवलीशी अफू दुधात उगाळून चाटवायची, की लेकरू संध्याकाळपर्यंत झोपून राहायचं. घुटी द्यावी तशी देत. म्हाताऱ्या माणसांना सवय असायची, त्यांच्यासाठी सरकारी परवान्याच्या दुकानातून ती यायची, आणि म्हातारं माणूस गेलं तरी डबी घरातच राहायची. या घरातली डबी भाऊच्या आईची होती. पितळी, झाकणावर मोर. टोचणीसाठी आलेल्या डॉक्टरनं एकदा चावडीवर सगळ्यांना दटावलं होतं की लेकरांना हे विष देऊ नका. भाऊच्या ते मनात बसलं. त्यानं बायकोला पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती.

"शपथ घेतली आन् तरीबी देल्ली," तो म्हणाला. "सकाळी वावरात गेली. मी रात्रपाळी करून आल्तो, घरीच होतो. पोरगं झोपूनच राह्यलं, झोपूनच राह्यलं. दिवस बुडाले हात लावून पाह्यतो त गार." दोर वळणारे त्याचे हात थांबले नव्हते. "आता दुसरं येऊन राह्यलं बाई. तुमी घरात आहा. तिच्या हाती त्याले एकटं सोडजा नोका."

त्या रात्री मला झोप लागली नाही. वहिनीच्या हातची भाकरी मी रोज खात होते, आणि मला तिचे हात आठवत राहिले.

पुढच्याच आठवड्यात चुलीपुढची गोष्ट ऐकायला मिळाली. मी चुलीशी बसून भाकरी थापायला शिकत होते. माझी भाकरी म्हणजे नकाशातला मध्य प्रदेश, सगळ्या बाजूंनी वेडावाकडा. वहिनी त्यावर हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "माह्या पोराले तुकडा चघळाले लय आवडे," ती म्हणाली. मग भाऊ गोठ्यात आहे ना, हे वाकून पाहून आली.

"त्याहीनं तुमाले सांगतलं असंन का मी देल्ली म्हून. सांगतलं ना? मले ठाऊक हाय. मी नाई देल्ली बाई. शपथ घेतली होती मी. त्याहीनंच देल्ली. रातच्यानं जिनात जाग्रण, दिवसा झोपाले पायजे. पोरगं रडे त झोपू देत नसे. मी वावरातून आली त सहाण ओली होती. मी कोरडी ठेवून गेल्ती. कोनं ओली केली?"

तव्यावरची भाकरी करपली.

"आता हे वेचनीच्या दिवसांत तान्हंच राहीन," पोटावर हात ठेवून ती म्हणाली. "मले वावरात जा लागन. तवा हे त्याहीच्याजवळ राहीन. तुमी ध्यान ठेवजा बाई. तुमच्या पाया पडतो."

झालं. एकाच घरात मला दोघांनी राखणदार नेमलं, एकानं दुसऱ्यापासून. यायचं होतं ते लेकरू, आणि त्या दोघांपैकी कुणीतरी एक आपलं पहिलं पोर झोपवून बसलेलं होतं. कोण, ते मला ओळखायचं होतं, आणि ते वेचणीच्या आत. मला दुसरं काही सुचेना. सावित्रीच्या वडाला फेरे घालावेत तशी मी त्या दोन गोष्टींभोवती फिरत राहिले.

आता मी स्वतःला हुशार का समजायचे, ते सांगते. वर्गात दोन पोरी भांडत आल्या, हिनं माझी लेखणी चोरली, नाही हिनंच माझी चोरली, की माझी एक युक्ती होती. दोघींना वेगवेगळं उभं करायचं आणि चोरीबद्दल अवाक्षर न काढता भलतंच विचारायचं. तेव्हा तू कुठल्या हातानं पाटी धरली होतीस? शेजारी कोण होतं? खोटं बोलणारी पोर चोरीची तयारी करून येते, पाटीची करत नाही. ती अडखळते. शिवाय मला रहस्यकथांचा नाद होता. वर्ध्याला गेले की जुन्या पुस्तकांच्या दुकानातून फाटक्या मुखपृष्ठांच्या पुस्तकांची चळत घेऊन यायचे. त्यातल्या सगळ्यांत एक खोटं बोलायचा आणि एक खरं. दोघांनी खोटं बोलावं हे तेव्हाच्या लेखकांना परवडत नसावं.

मग मी भाऊला सहज म्हणून विचारलं, "त्या दिवशी पोराच्या अंगात काय होतं?" "लाल आंगडं," तो लगेच म्हणाला. "त्याच्या मामानं आनलेलं." वहिनीला विचारलं तर ती गोंधळली. "झबलं होतं वाटते. नाई, उघडंच होतं. गरमी होती ना." वेचणीत कसली गरमी? मला वाटलं, सापडली. खोटं हीच बोलते.

पण चार दिवसांनी भाऊनं तीच गोष्ट पुन्हा सांगितली, आणि ती शब्दाला शब्द तीच होती. "झोपूनच राह्यलं, झोपूनच राह्यलं" हेही दोनदाच, त्याच जागी. पाठ केलेला धडा मला ओळखू येतो, आयुष्य त्यातच गेलंय. ज्याच्या डोळ्यांसमोर पोर गेलं त्याला ते असं घोकून ठेवल्यासारखं आठवेल का? उलट वहिनीचं सांगणं दर वेळी वेगळं. कधी सहाण आधी दिसली, कधी पोर आधी दिसलं. कधी ती बांधावरूनच धावत आली, कधी डोक्यावर कापसाचं गाठोडं होतं. दुःखात माणसाचं असंच होतं, असं मला सोमवारी वाटायचं. खोट्याचं असंच होतं, असं मंगळवारी वाटायचं. ज्या कारणानं तो मला पटायचा, त्याच कारणानं दुसऱ्या दिवशी पटेनासा व्हायचा, आणि तिचंही तसंच. एखादे दिवशी मी दोघांच्याही इतकी आहारी जायचे की जो शेवटचा बोलला तो खरा.

आणि त्यात ती डबी. मी आले तेव्हा ती भिंतीतल्या देवळीत होती. मग एक दिवस दिसेनाशी झाली. भाऊ मला हळूच म्हणाला, "पाह्यलं? लपवली तिनं." दोन दिवसांनी ती मला ज्वारीच्या कणगीमागे दिसली. मग तिथूनही गेली आणि आढ्यावर, वाशाच्या खोबणीत सापडली. तेव्हा वहिनी कानाशी येऊन म्हणाली, "पाह्यलं ना? मी मांगं ठेवली होती, त्याहीनं वर ठेवली. मले हात पुरू नाई म्हून." म्हणजे दोघंही ती एकमेकांपासून लपवत होते, आणि लपवणं हाच दोघांना एकमेकांविरुद्धचा पुरावा वाटत होता. मी एकदा चिडून दोघांना वेगवेगळं म्हटलं, ती डबी द्या इकडे, मी फेकून देते. तो म्हणाला तिच्याजवळ आहे. ती म्हणाली त्याच्याजवळ आहे. मी शिडी लावून वाशापर्यंत चढले. डबी तिथं नव्हती.

कुणाला सांगायची सोय नव्हती. हेडमास्तरांना आडून विचारून पाहिलं, तर ते म्हणाले, "बाई, भाड्यानं राहणाऱ्यानं मालकाच्या चुलीत तोंड घालू नये." पोलीसपाटलाकडे जाऊन काय सांगणार? पोर जाऊन कितीतरी महिने झालेले, गावानं दिठ मानली, आणि माझ्याजवळ दोन माणसांच्या दोन गोष्टी. वडिलांना कळवलं असतं तर त्यांनी मला दुसऱ्या दिवशी घरी नेलं असतं. मला तेच हवं होतं असंही कधी कधी वाटायचं. पण मग त्या लेकराजवळ कोण होतं?

श्रावणात मुलगी झाली. माजघरात सुईण, बाहेर ओसरीवर भाऊ आणि मी. रडणं ऐकू आलं तेव्हा भाऊ ताडकन उठला आणि त्याचं तोंड असं उजळलं की मी त्या क्षणी मनातून त्याला निर्दोष सोडलं. आत गेले तर वहिनी पोरीच्या टाळूवर ओठ ठेवून रडत होती. मी तिलाही सोडलं. पण भाऊ आत आला तेव्हा दोघांनी आधी पोरीकडे पाहिलं नाही. एकमेकांकडे पाहिलं.

दिवाळी झाली. कापूस फुटला. पहिल्या वेचणीच्या दिवशी वहिनी बायांबरोबर वावरात जाऊन सीतादही करून आली, कपाशीच्या झाडांना दहीभात शिंपडला, पुढच्या वेचणीला बरकत मागितली. परत आली ती रडवेली. दुसऱ्या दिवसापासून तिला रोज जायचं होतं. वावर गावामागेच होतं, दुपारी पाजायला येता येणार होतं, पण मधल्या वेळात पोरगी कुणाजवळ? भाऊ रात्री जिनात, दिवसा घरी. म्हणजे पुन्हा सगळं तसंच, मागच्या वर्षी होतं तसंच. पाळणा बांधला गेला.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पोरी पाढे म्हणायच्या आणि माझे कान घराकडे. मधल्या सुट्टीत धावत यायचे, दारातूनच पाळण्याकडे बघायचे, पोरगी हातपाय झाडत असली की परत धावायचे. पोरी हसायच्या. एकीनं मला सरळ विचारलं, "बाई, तुमाले घरी कोनी खाले ठेवते काय?" मी हसले आणि तिला सतराचा पाढा म्हणायला लावला. पोरगी मोठी रडवी होती. तिचं रडणं शाळेच्या कोपऱ्यावरूनच ऐकू यायचं, आणि तिथं ते आलं नाही की उरलेली वाट मी पळतच काढायचे.

असाच एक रविवार. आदल्या रात्री पोरगी पोटदुखीनं अखंड रडली होती. वहिनी तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती, मी ओवा शेकून देत होते. सकाळी भाऊ जिनातून आला, वहिनी वावरात गेली, आणि मी डोळ्यांवर झापड असताना न्हायला बसले. केस पुसत बाहेर आले तर घरात आवाज नव्हता. नुसता भाऊचा घोरण्याचा आवाज.

मी माजघरात गेले. पाळण्याखाली भाऊ आडवा झोपलेला. पोरगी निपचित. मी तिला हाक मारली, गालाला बोट लावलं. काही नाही. उचलली तर मान मागे लवंडली, हात लोंबला, अंग भिजल्या पोत्यासारखं जड. श्वास होता की नव्हता, मला कळेना. माझ्याच छातीत इतकं धडधडत होतं की दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

भाऊ उठून बसला. माझ्या हातांत पोरगी पाहिली, आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो पोरीचा नव्हता. "देल्ली! तिनं देल्ली!"

त्याच वेळी मागच्या दारातून वहिनी आत आली. पाजायची वेळ झाली होती, ओटीत कापूस तसाच. तिनं एकदा पोरीकडे पाहिलं आणि ओटी सुटली. कापूस सगळीकडे सांडला. "तुमीच देल्ली! मांगच्या सारखी! झोपाले पायजे ना तुमाले, झोपा आता!"

"मी हात नाई लावला! तूच देऊन गेली सकाळी, मांगच्या बारीले देऊन गेल्ती तशी!"

"मांगच्या बारीले मी सकाळी एवढीशी देल्ली होती! एवढीशी! दुपारपावत उतरून जाते थे, रोज उतरे! तुमी काऊन देल्ली वरून?"

"मले का ठाऊक तू सकाळीच देऊन गेली म्हून!"



मी पोरीला छातीशी धरून उभी होते. त्या दोघांची तोंडं माझ्यासमोर होती. वहिनीचं तोंड उघडंच राहिलं होतं. भाऊनं हात पुढे केला होता तो तसाच हवेत होता. आपण काय बोललो हे दोघांनाही बोलून झाल्यावर ऐकू आलं असावं. आणि मला? मला तेव्हा पाझर फुटला नाही. मला संताप आला. पोरगी माझ्या हातात आहे, तिला हात लावायच्या आधी तुम्ही एकमेकांकडे बोटं दाखवता? "अरे, हिला बघा!" मी किंचाळले. "हिला काय दिलंय ते सांगा आधी!"

"मी नाई देल्ली हिले," वहिनी म्हणाली. "मीबी नाई," भाऊ म्हणाला. आणि माझा विश्वास बसेना. या दोघांनी इतक्या वेळा इतकं पटेल असं खोटं सांगितलं होतं, की आता ही दोन वाक्यं मी कशाच्या आधारावर खरी मानायची होती? मी पोरीच्या तळपायाला चिमटा घेतला. जोरात घेतला. मग तोंडावर पाणी मारलं.

पोरगी दचकली, तोंड वाकडं केलं, आणि असा टाहो फोडला की ओसरीवरची कोंबडी उडाली. ती रात्रभर रडून दमून झोपली होती, इतकंच. मी तिथंच, सांडलेल्या कापसात बसले. वहिनीनं तिला ओढून घेतली, पाजायला लावली. भाऊ भिंतीला टेकून खाली सरकला. त्यानं तोंडावर पंचा धरला होता. बऱ्याच वेळानं त्या पंचातून तो म्हणाला, "आपुन दोघांनीच मारलं वो त्याले." तिचं अंग गदगदत होतं, आणि पोरगी त्या हिंदकळण्यातच दूध पीत होती.

मी खोलीत येऊन दार लावून घेतलं. मग हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके महिने मी ताजवा धरून बसले होते, कोण खरं आणि कोण खोटं. आणि दोघंही मला खरंच सांगत होते. तिनं दिली, हे त्याचं खरं होतं. त्यानं दिली, हे तिचं खरं होतं. दोघांनी खोटं सांगितलं ते फक्त स्वतःपुरतं. म्हणून तर दोघंही इतकी पटायची. एकट्या तिनं दिलेल्यानं पोर उठलं असतं, एकट्या त्यानं दिलेल्यानंही उठलं असतं कदाचित. दिवसा झोपायला आलेल्या बापानं रडणाऱ्या पोराला चाटवली, आईनं आधी चाटवली होती हे त्याला ठाऊक नव्हतं. शपथ मोडल्याचं तिनं लपवलं होतं, आणि शपथ घ्यायला लावणाऱ्यानं स्वतःच दिल्याचं त्यानं लपवलं होतं. एकमेकांना एक शब्द सांगितला असता तर पोर चालायला लागलं असतं.

गोष्ट उलगडली की जीव हलका होतो, असं रहस्यकथांत असतं. माझा झाला नाही. आता मला नवीन भीती. इतके दिवस दोघांजवळ दोष ठेवायला दुसरं माणूस होतं, ते गेलं. आता काय करतील? दुसऱ्या दिवशी वहिनी विहिरीवर गेली आणि परतायला वेळ लागला, तर मी घागर न घेताच मागून धावले. ती काठावर बसून कळशी घासत होती. मला बघून म्हणाली, "काऊन बाई? पानी पायजे काय?" मी हो म्हटलं. भाऊ त्या आठवड्यात जिनात गेलाच नाही. ओसरीवर बसायचा, पण दोर वळायचा नाही. दोघं अजूनही एकमेकांशी बोलत नव्हते, आणि माझ्याशीही नाही. डबीचं काय झालं म्हणाल, तर सोमवारी सकाळी चुलीच्या राखेत मला काळवंडलेलं पितळ दिसलं, मोर ओळखू येत नव्हता. कुणी टाकली ते मी विचारलं नाही. विचारायची मला हौस उरली नव्हती.

मग एके सकाळी मी शाळेला निघाले तर पाळणा रिकामा, दोर आढ्याला गुंडाळलेले, घरात कुणीच नाही. मागच्या दारानं मी वावराकडे पळाले. शाळा गेली खड्ड्यात. आणि अर्ध्या वाटेवरच मला ऐकू आलं, ते रडणं. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाला लुगड्याचा झोका बांधला होता. त्यात पोरगी, लालबुंद होऊन, घसा खरवडून रडत होती. कपाशीच्या ओळींमधल्या एका तासात भाऊ, शेजारच्या तासात वहिनी, दोघंही वेचत होते. भाऊ मध्येच उठून यायचा, झोका द्यायचा, परत जायचा. मग वहिनी यायची. पोरगी गप्प राहायचं नाव घेत नव्हती.

पलीकडच्या वावरातली एक म्हातारी कंटाळून ओरडली, "अवं, कान किटले आमचे! देऊन दे ना जराशी चाटवून. आमी का लेकरं वाढवली नाई?"

भाऊचा हात बोंडावर थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं. वहिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि म्हातारीकडे नव्हे, त्याच्याकडे बघून बोलली. त्या रविवारचं भांडण सोडलं तर, त्या घरात आल्यापासून ती त्याच्याशी सरळ बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"रडू द्या तिले," ती म्हणाली. "रडून राह्यली, म्हंजे हाये."